तुरीनचे कफन : एका कापडाचे वय कसे ठरले?

किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने जुन्या वस्तूंचे वय काढता येते, हे आपण वर्गात शिकवतो. अर्धायुकालाचा आलेख फळ्यावर काढतो, एखादे गणित सोडवून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. विद्यार्थ्यांनाही हे गणित सोपे वाटते. पण समजा, ज्या वस्तूचे वय काढायचे तिच्यावर लाखो माणसांची श्रद्धा आहे. ती कापून पाहायची परवानगी पुन्हा पुन्हा मिळणार नाही. आणि उत्तर काहीही आले तरी कोणाचे तरी मन दुखावणार आहे. अशा वेळी विज्ञान काय करते? इटलीतील तुरीन शहरात जपून ठेवलेल्या एका कापडाची हकीकत या दृष्टीने मुळातून समजून घेण्यासारखी आहे.

हे कापड सुमारे ४.४ मीटर लांब आणि १.१ मीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास आपल्या पाचवारी साडीएवढे. ते लिननचे आहे. लिनन म्हणजे जवसाच्या (अळशीच्या) खोडापासून काढलेल्या धाग्याचे कापड. मराठी बायबलमध्ये अशा कापडासाठी ‘ताग’ हा शब्द येतो, पण आपल्या गोणपाटाच्या तागाशी त्याचा संबंध नाही. कापडाची वीण माशाच्या काट्यासारखी तिरकी आहे. त्यावर फिकट पिवळसर तपकिरी रंगात एका दाढीवाल्या पुरुषाची पूर्णाकृती उमटलेली दिसते. एकदा समोरून आणि एकदा पाठीमागून, दोन्ही आकृत्या डोक्याला डोके लावून. मनगट, पाय, कपाळ आणि कूस या ठिकाणी रक्तासारखे डाग आहेत. क्रुसावरून उतरवल्यावर येशू ख्रिस्ताचा देह ज्या वस्त्रात गुंडाळला तेच हे कफन, अशी अनेक ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा आहे.

हे खरे असेल तर कापड जवळजवळ दोन हजार वर्षांचे असले पाहिजे. मग ते तेवढे जुने आहे का? हा प्रश्न श्रद्धेचा नाही, तो मोजता येण्यासारखा आहे.

कागदपत्रे काय सांगतात?

प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी इतिहासकारांकडे जाऊ या. या कापडाचा खात्रीलायक इतिहास फ्रान्समधील लिरे नावाच्या लहानशा गावात, इ. स. १३५५ च्या सुमारास सुरू होतो. जॉफ्रुआ द शार्नी या सरदाराने तेथे बांधलेल्या चर्चमध्ये ते लोकांना दाखवले जाऊ लागले. त्याआधीची तेराशे वर्षे हेच कापड कोठे होते, हे निश्चितपणे सांगणारा एकही कागद नाही.

१३८९ मध्ये त्र्वा येथील बिशप प्येर दार्सी याने पोप सातवा क्लेमेंट याला उद्देशून एक निवेदन लिहिले. त्याचे म्हणणे असे, की आपल्या आधीच्या बिशपने या कापडाची चौकशी केली होती आणि ते आपण रंगवल्याचे एका चित्रकाराने कबूल केले होते. या निवेदनाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहायला हवे. चित्रकाराचे नाव त्यात दिलेले नाही आणि लिरेच्या धर्मगुरूंशी या बिशपचा वाद चालू होता. क्लेमेंटने १३९० मध्ये मधला मार्ग काढला. कापड दाखवावे, पण ही ख्रिस्ताच्या कफनाची प्रतिकृती आहे असे सांगून दाखवावे, असा तो निर्णय होता.

अलीकडे, २०२५ मध्ये, इतिहासकार निकोला सार्झो यांनी आणखी एक जुना पुरावा पुढे आणला. चौदाव्या शतकातला विद्वान निकोल ओरेम याने आपल्या एका ग्रंथात लिरेच्या कफनाचा उल्लेख धर्मगुरूंनी केलेल्या फसवणुकीचे उदाहरण म्हणून केला आहे. गणिताच्या शिक्षकांना हे नाव ओळखीचे वाटेल. वेग आणि काळ यांचा संबंध आकृतीने दाखवून, एकसमान वाढणाऱ्या वेगाने कापलेले अंतर सरासरी वेगावरून काढता येते, हे देकार्तच्या आधी जवळजवळ तीनशे वर्षे दाखवणारा हाच ओरेम. तो पुढे स्वतः बिशप झाला. तेव्हा कफनाविषयीची शंका ही धर्म आणि विज्ञान यांच्या भांडणातून आजकाल निर्माण झालेली नाही. ती चर्चच्या आतच, कापड प्रथम दिसले त्या काळात उपस्थित झाली होती.

पुढे १४५३ मध्ये कापड साव्हॉय घराण्याकडे गेले. १५३२ मध्ये शांबेरी येथील चर्चला आग लागली. चांदीची पेटी तापली, वितळलेली चांदी घडी केलेल्या कापडावर पडली आणि भोके पडली. १५३४ मध्ये जोगिणींनी त्यांवर ठिगळे लावली. १५७८ मध्ये ते तुरीनला आणले गेले आणि १९८३ मध्ये साव्हॉय घराण्याच्या मृत्युपत्रान्वये त्याची मालकी पोपकडे आली.

उलटे प्रकाशचित्र

१८९८ च्या मे महिन्यात सेकोन्दो पिया या वकिलाने, जो हौशी छायाचित्रकार होता, कापडाचे पहिले प्रकाशचित्र घेतले. काच धुताना त्याला आश्चर्याचा धक्का बसला. निगेटिव्हवर एक ठसठशीत, सजीव वाटणारा चेहरा दिसत होता. म्हणजे कापडावरची आकृतीच निगेटिव्हसारखी होती. चेहऱ्याचा जो भाग पुढे येतो (नाक, कपाळ, गालाची हाडे) तो कापडावर गडद, आणि जो खोलगट तो फिका. निगेटिव्हमध्ये हे उलटले आणि चेहरा नेहमीसारखा दिसू लागला.

मध्ययुगातल्या चित्रकाराला निगेटिव्हची कल्पना कोठून असणार, असा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण उठावाच्या कोणत्याही वस्तूवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, तर उंच भाग गडद आणि खोल भाग फिका येतो. आपण सर्वांनी लहानपणी नाण्यावर कागद ठेवून हे केले आहे. निगेटिव्ह माहीत नसतानाही निगेटिव्हसारखे चित्र उमटू शकते, एवढे यावरून कळते. कफनाची आकृती अशीच केली, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

१९७८ : पाच दिवसांची तपासणी

ऑक्टोबर १९७८ मध्ये प्रामुख्याने अमेरिकन शास्त्रज्ञांच्या एका पथकाला कापड सलग पाच दिवस तपासता आले. क्ष-किरण, अतिनील आणि अवरक्त प्रकाश वापरून पाहणी झाली आणि चिकटपट्टीने पृष्ठभागावरचे तंतू उचलण्यात आले. पथकाचे निष्कर्ष असे होते : आकृती फक्त वरच्या तंतूंवर आहे, आत झिरपलेली नाही; पिवळेपणा तंतूंमधील सेल्युलोजमध्ये झालेल्या रासायनिक बदलामुळे आला आहे; आकृती दिसावी एवढा रंग तेथे आढळत नाही. डाग रक्ताचे आहेत, असेही या पथकातील रसायनतज्ज्ञांनी म्हटले.

याच चिकटपट्ट्या सूक्ष्मदर्शकाचे नामांकित तज्ज्ञ वॉल्टर मॅक्रोन यांनीही तपासल्या. त्यांना लोहाच्या ऑक्साइडचे, म्हणजे गेरूसारख्या रंगाचे, आणि हिंगुळाचे कण सापडले. हे चौदाव्या शतकातले रंगकाम आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. तंतू तेच, पण निष्कर्ष परस्परविरोधी. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावी. आकृती कशी उमटली हा एक प्रश्न आहे आणि कापड कधीचे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सर्वमान्य झाले नाही, तरी दुसऱ्याचे उत्तर शोधता येते.

वय काढायचे गणित

विश्वकिरणांमुळे वातावरणात सतत कार्बन-१४ तयार होतो. त्याचे प्रमाण अगदी थोडे असते, साधारणपणे एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे जिवंत झाडातही हेच प्रमाण राहते. जवसाचे झाड उपटले की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेल्या कार्बन-१४ चा ऱ्हास होत राहतो. त्याचा अर्धायुकाल ५७३० वर्षे. म्हणजे आपण जे मोजतो ते कापड विणल्याचे वर्ष नव्हे, आकृती उमटल्याचे तर नव्हेच. ते जवस कापल्याचे वर्ष असते.

आता विद्यार्थ्यांना हे गणित घालावे. जिवंत झाडातले प्रमाण १०० धरले, तर पहिल्या शतकातल्या कापडात आज किती उरेल? उत्तर येते सुमारे ७९. आणि चौदाव्या शतकाच्या आसपासच्या कापडात? सुमारे ९२. फरक बारीक नाही. ७९ आणि ९२ यांत गल्लत होणे कठीण.

अडचण होती ती कापडाच्या आकाराची. जुन्या पद्धतीत कार्बन-१४ चा ऱ्हास होताना बाहेर पडणारे कण मोजत. एक ग्रॅम ताज्या कार्बनमधून मिनिटाला सुमारे चौदा कण निघतात. पन्नास मिलिग्रॅम लिननमध्ये जेमतेम बावीस मिलिग्रॅम कार्बन असतो. त्यातून तीन-चार मिनिटांत एखादाच कण निघणार! नेमके मोजमाप करायचे तर कापडाचा बराच मोठा भाग जाळावा लागला असता, आणि त्याला परवानगी कोण देणार? १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्वरणयंत्राची नवी पद्धत आली. तिच्यात अणूचा ऱ्हास होण्याची वाट पाहायची नाही. अणू वेगाने पळवायचे, चुंबकाने वस्तुमानाप्रमाणे वेगळे करायचे आणि कार्बन-१४ चे अणू सरळ मोजायचे. आता नखाएवढा तुकडाही पुरेसा झाला.

२१ एप्रिल १९८८

या दिवशी कापडाच्या एका कोपऱ्यातून सुमारे एक सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर लांब पट्टी कापण्यात आली. तिचे प्रत्येकी सुमारे पन्नास मिलिग्रॅमचे तुकडे ऑक्सफर्ड, झुरिक आणि अमेरिकेतील अॅरिझोना येथील प्रयोगशाळांना दिले गेले. ब्रिटिश म्युझियमने या कामाचा समन्वय केला.

प्रत्येक प्रयोगशाळेला कफनाबरोबर आणखी तीन जुन्या कापडांचे नमुनेही मिळाले : न्युबियातील एका थडग्यातले अकरा-बाराव्या शतकातले लिनन, इजिप्तमधील एका ममीचे इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले लिनन, आणि १२९० ते १३१० च्या दरम्यानच्या एका धर्मगुरूच्या झग्याचे धागे. यांचा काळ आधीपासून ठाऊक होता. मोजणी बरोबर होते आहे की नाही, हे पडताळण्यासाठी ही तुलना. कोणता नमुना कफनाचा हे शास्त्रज्ञांना कळू नये अशी कल्पना होती, पण कफनाची वीण इतकी वेगळी की ते ओळखू येणारच होते. प्रसिद्ध झालेल्या अहवालात ही मर्यादा मोकळेपणाने सांगितली आहे.

निकाल असा आला. अॅरिझोना : ६४६ वर्षे (अधिक-उणे ३१). झुरिक : ६७६ (अधिक-उणे २४). ऑक्सफर्ड : ७५० (अधिक-उणे ३०). एकत्रित सरासरी ६८९ वर्षे. ही वर्षे १९५० पासून मागे मोजतात. हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण सगळ्या काळात अगदी सारखे नसते, म्हणून वय माहीत असलेल्या झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून ही संख्या दुरुस्त करावी लागते. दुरुस्तीनंतरचे उत्तर : इ. स. १२६० ते १३९०, खात्री ९५ टक्के. तुलनेसाठी घेतलेल्या तिन्ही कापडांचे काळ अपेक्षेप्रमाणेच आले.

१३ ऑक्टोबर १९८८ रोजी हा निकाल तुरीनचे आर्चबिशप कार्डिनल बालेस्त्रेरो यांनी स्वतः जाहीर केला. फेब्रुवारी १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात सविस्तर लेख आला. कागदपत्रांतला १३५५ हा सुमार याच कालखंडात बसतो. इतिहासाची वाट वेगळी, भौतिकशास्त्राची वेगळी. दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाल्या.

आक्षेप आणि त्यांची तपासणी

वाद येथे संपला नाही. संपायलाही नको होता, कारण आक्षेप तपासून पाहणे हे विज्ञानाचे कामच आहे.

पहिला आक्षेप : कापडावर शतकानुशतके धूर, घाम, मेण, जंतू साचले. त्यामुळे वय कमी आले. याचे उत्तर आपल्याला वर्गातच काढता येईल. मूळ कापडाचे प्रमाण ७९ आहे आणि घाणीचे १००. मिश्रण ९२ यावे म्हणून घाण किती हवी? साधे समीकरण सोडवले तर उत्तर येते ६२ टक्के. म्हणजे नमुन्यातला निम्म्याहून अधिक कार्बन आजकालचा असायला हवा, आणि तोही साबण, आम्ल व अल्कली यांनी नमुना स्वच्छ केल्यानंतर. (अणुचाचण्यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हवेतील कार्बन-१४ वाढला. सगळी घाण त्या काळातली मानली तर तिचे प्रमाण कमी पुरेल, तरी ते लक्षणीयच असावे लागेल.)

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. १९७८ च्या पथकातील रसायनतज्ज्ञ रेमंड रॉजर्स यांनी २००५ मध्ये असे मांडले, की नमुना घेतलेला कोपरा बाकीच्या कापडासारखा नाही. तेथे नंतर कोणीतरी बेमालूम रफू केले असावे. रफू करणारा कुशल असेल तर जोड दिसत नाही, हे आपणही जाणतो. पण २००२ मध्ये कापडाची जुनी ठिगळे काढून दुरुस्ती करणाऱ्या वस्त्रतज्ज्ञ मेख्टिल्ड फ्लुरी-लेम्बर्ग यांना तेथे रफूची खूण आढळली नाही. अॅरिझोनाच्या प्रयोगशाळेने आपल्याकडे उरलेला तुकडा २०१० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिला; त्यावर रंगाचा किंवा लेपाचा पुरावा सापडला नाही. शिवाय सोळाव्या शतकातले धागे मिसळून १२६०-१३९० हे उत्तर यायचे, तर नमुन्याचा सुमारे पाऊण भाग रफूचाच असावा लागेल.

तिसरा आक्षेप संख्याशास्त्राचा. तीन प्रयोगशाळांच्या उत्तरांत दिलेल्या त्रुटीपेक्षा जास्त अंतर आहे. हे खरे आहे, आणि १९८९ च्या लेखातील आकड्यांवरूनही दिसते. त्रिस्तां काझाबियांका यांनी कायद्याचा आधार घेऊन २०१७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडून मूळ नोंदी मिळवल्या. २०१९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रसिद्ध करून, नमुना एकजिनसी नव्हता व ९५ टक्क्यांचा दावा टिकत नाही, असे दाखवले. या आक्षेपात दम आहे. पण तो कितीचा? सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त उत्तरांत १०४ वर्षांचे अंतर आहे. कापड पहिल्या शतकात न्यायचे तर सुमारे तेराशे वर्षांची चूक दाखवावी लागेल. घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल म्हणून सकाळची संध्याकाळ होत नाही.

एक तक्रार मात्र मान्य करायला हवी. आधीच्या योजनेत सात प्रयोगशाळा होत्या, त्या तीनवर आल्या. आणि नमुना एकाच कोपऱ्यातून घेतला गेला. दोन-तीन ठिकाणचे धागे तपासले असते तर रफूचा वाद उरलाच नसता.

२०२२ मध्ये इटलीतील संशोधकांनी क्ष-किरणांनी तंतूंची झीज मोजून कापड दोन हजार वर्षांचे असू शकते असे म्हटले. पण लेखातच एक अट आहे : अज्ञात तेरा शतके कापड सुमारे २० ते २२.५ अंश तापमानात आणि विशिष्ट आर्द्रतेत राहिले असले पाहिजे. जे माहीत नाही तेच गृहीत धरून काढलेले वय कितपत भरवशाचे, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

‘भारतात विणलेले’ कापड?

२०१५ मध्ये कापडावरच्या धुळीतील डीएनए तपासला गेला. त्यात युरोप, पश्चिम आशिया, आफ्रिका आणि भारतीय उपखंड येथील माणसांचे अंश आढळले. ‘सिन्डॉन’ हा लिननसाठीचा ग्रीक शब्द सिंधूवरून आला असावा, या मताशी याची सांगड घालून कापड भारतात विणले असेल काय, अशी शक्यताही लेखकांनी मांडली. आपल्याला हे ऐकून बरे वाटते, आणि नेमकी तेथेच सावधगिरी हवी. शतकानुशतके गर्दीपुढे मांडलेल्या, अनेकांनी हाताळलेल्या कापडावरची धूळ त्याच्याजवळ कोण आले ते सांगेल. ते कोणी विणले ते सांगणार नाही.

वर्गात करून पाहा

एका चेंडूवर ओल्या गेरूने डोळे, नाक, तोंड आणि दोन्ही बाजूंना कान काढा. त्यावर पांढरा रुमाल नीट गुंडाळून दाबा आणि मग सपाट पसरा. चेहरा पसरट झालेला दिसेल. कान दूर कडेला गेलेले असतील. गोल वस्तूभोवती गुंडाळलेल्या कापडावर असेच व्हायला हवे. कफनावरचा चेहरा मात्र समोरून पाहिलेल्या चित्रासारखा अरुंद आहे. २०२५ मध्ये ब्राझीलचे सिसेरो मोरायस यांनी संगणकावर हाच प्रयोग करून पाहिला. कफनावरची आकृती खऱ्या देहापेक्षा कमी उठावाच्या शिल्पाशी अधिक जुळते, असे त्यांना आढळले. कापड देहाला घट्ट गुंडाळलेले नव्हते, असा प्रतिवाद यावर होतो. मुलांनी रुमाल सैल टाकूनही पाहावे आणि आपला निष्कर्ष लिहावा.

मग विद्यार्थ्याला काय सांगायचे?

‘सर, ते कफन खरे की खोटे?’ असा प्रश्न कोणीतरी विचारणारच. वर्गात ख्रिस्ती विद्यार्थीही असतील. ‘खोटे’ हा एका शब्दातला निकाल देण्याची घाई करू नये आणि उत्तर टाळूही नये. उपलब्ध पुराव्यानुसार हे कापड तेराव्या-चौदाव्या शतकातले आहे, हे स्पष्ट सांगावे. आकृती नेमकी कशी उमटली याबद्दल एकमत नाही, हेही सांगावे. ‘अजून कळले नाही’ याचा अर्थ ‘चमत्कार आहे’ असा होत नाही. आणि कापड मध्ययुगीन ठरले म्हणून त्यापुढे हात जोडणारा माणूस मूर्ख ठरत नाही. १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल तुरीनला आले तेव्हा त्यांनीही म्हटले होते, की या प्रश्नांवर निर्णय देण्याचा चर्चचा विशेष अधिकार नाही; ते काम शास्त्रज्ञांवर सोपवले आहे.

उद्या दुसऱ्या ठिकाणचे धागे तपासायची परवानगी मिळाली आणि त्यांतील कार्बन-१४ चे प्रमाण ९२ ऐवजी ७९ आले, तर आपल्याला मत बदलावे लागेल. तोपर्यंत ९२ हा आकडा मानायचा. कोणत्या पुराव्याने आपले मत बदलेल हे आधीच सांगून ठेवणे, एवढे जरी विद्यार्थी या कापडावरून शिकले, तरी अर्धायुकालाचा धडा सार्थकी लागला म्हणायचा.